तीन तोळे

आईच्या जोडव्यांना आवाज होता. शहाबादी फरशीवर तो टिकटिक येत राहायचा आणि ती सारवलेल्या अंगणात उतरली की विरायचा. आम्ही भावंडं अभ्यासाला बसलेलो असायचो. आई स्वयंपाकघरात आहे, न्हाणीपाशी आहे की आमच्या पाठीमागे येऊन उभी राहिली आहे, ते त्या आवाजावरून कळायचं. तो जोड आता माझ्या कपाटात मऊ फडक्यात गुंडाळलेला असतो. वजन तीन तोळे. आजोळ हुपरीजवळचं, त्यामुळे घडवलेला हुपरीतच. आतून झिजून गुळगुळीत झालेला आणि बाहेर नक्षीच्या खाचांत काळी रेघ धरलेला.

सोनार चांदीचा टंच सांगतो, घट सांगतो. ती मुळात कुठल्या मातीतून आली ते त्याला सांगता येत नाही, आणि त्याला कुणी विचारतही नाही. चांदी आटते, पुन्हा ओतली जाते. पैंजणांचा करंडा होतो, करंड्याची वाटी होते. या उलथापालथीत तिचं कूळ पुसलं जातं. ते कूळ निदान एकदा डोळ्यांनी पाहावं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

मुलगी ॲडलेडला असते. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, तिच्याकडे गेले तेव्हा तिकडचं चांदीच्या खाणींचं गाव मनात होतं. म्हटलं, “ब्रोकन हिलला नेशील?”

“आई, पाचशे किलोमीटर आहे. आणि तिथे नुसती धूळ.”

“धूळच बघायची आहे.”

शेतं संपली, गव्हाची कोठारं संपली, मग झाडंही संपली. उरली तांबडी जमीन आणि तिच्यावर राखी-निळसर खारट झुडपं. ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्स राज्यात असलं, तरी तिथली घड्याळं शेजारच्या राज्यातल्या ॲडलेडप्रमाणे चालतात. सिडनी हजारावर किलोमीटर दूर, आणि व्यवहार पहिल्यापासून या बाजूशीच. गावात शिरलो आणि रस्त्यांच्या पाट्या वाचता वाचता हसू आलं. क्लोराइड स्ट्रीट, ब्रोमाइड स्ट्रीट, आयोडाइड, ऑक्साइड, सल्फाइड. मुख्य रस्ता अर्जंट स्ट्रीट, म्हणजे चांदीचा रस्ता. आपल्याकडे गल्ल्यांना पेठेची, देवाची, नाहीतर पुढाऱ्याची नावं असतात. इथे गावाने आपल्या पोटातला दगडच पाट्यांवर लिहून ठेवला होता.

गोऱ्या माणसांपैकी इकडे आधी येऊन गेला तो चार्ल्स स्टर्ट, १८४४ साली. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी समुद्र असणार, अशी त्याची खात्री होती. इतकी, की त्याने बैलगाड्यांबरोबर एक होडीही घेतली. वाटेत आडव्या आलेल्या डोंगररांगेला त्याने ‘बॅरिअर’ असं नाव दिलं आणि तो पुढे गेला. समुद्र मिळाला नाही. होडी वाळवंटात सोडून त्याला परतावं लागलं. लोक त्याच्या होडीला हसतात. मला मात्र वाटतं, त्याचं फार चुकलं नव्हतं. समुद्र होता, फक्त त्याला यायला १६९ कोटी वर्षं उशीर झाला.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. त्यापेक्षा पंचवीसपट जुनी ही गोष्ट. जमिनीवर तेव्हा झाड नव्हतं, गवत नव्हतं. इथलं भूपृष्ठ ताणलं जाऊन खचलं आणि त्या खळग्यात पाणी, वाळू, चिखल साठत गेला. खालच्या खडकांतून कढत खारं पाणी वर येताना आपल्यासोबत शिसं, जस्त आणि चांदी घेऊन आलं आणि तळाच्या गाळात ते सगळं थरांनी बसलं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. मग १६० कोटी वर्षांच्या सुमारास हा सगळा गाळ खोल गाडला गेला. सातशे अंशांच्या वर तापला, चेपला गेला, त्याच्या घड्या पडल्या. चिखलाचा कठीण नाइस खडक झाला आणि त्यात लालसर गार्नेटचे दाणे उमटले. वरचे डोंगर झिजता झिजता कधीतरी या थराची कड उघडी पडली. सात किलोमीटरहून लांब, बूमरँगसारखी वाकलेली, काळी, खडबडीत. जखमेवर धरावी तशी लोह आणि मँगनीजची खपली.

त्या खपलीखाली वाळवंटाने शेवटचा हात फिरवला होता. हवा-पाण्याने वरचे गंधकयुक्त दगड कुजले आणि त्यांतली चांदी सुटी झाली. पाऊस भरपूर असता तर जमिनीतलं मीठ धुऊन गेलं असतं. इथे ते साठून राहिलं, आणि चांदी त्याच्याशी जोडली गेली. चांदीचं क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड. उजेडात ठेवलं की काळवंडणारी ही द्रव्यं. फोटोच्या फिल्मवर चांदीचं ब्रोमाइडच असायचं. आईच्या लग्नाच्या फोटोत तिच्या केसांचा काळेपणा आहे, तोही चांदीचाच.

१८८३ च्या सप्टेंबरात चार्ल्स रास्प नावाच्या जर्मन माणसाने ही काळी कड पाहिली. मेंढ्यांच्या कुरणाची हद्द राखणं हे त्याचं काम. खिशात खनिजं ओळखायचं एक पुस्तक. त्याला वाटलं, हे कथील आहे. सात जणांनी पैसे घातले. पहिल्या तपासण्यांत फारसं काही निघेना, तेव्हा हिस्से स्वस्तात विकले गेले, एकाची किंमत तर पत्त्यांच्या डावावर ठरली. मग चांदी लागली. १८८५ मध्ये ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी उभी राहिली, आज जगभर बीएचपी म्हणून ओळखली जाणारी. उंटांचे तांडे आले. उंटवाले अफगाणिस्तानातले आणि तेव्हाच्या हिंदुस्थानच्या वायव्य भागातले. त्यांची पत्र्याची छोटी मशीद अजून गावात आहे. दारात उभं राहून पाहिली. पाय धुवायची जागा पाहिली आणि उगाच घरच्यासारखं वाटलं.

आपला त्या चांदीशी आणखी एक धागा आहे. इंग्रजी अमदानीतला रुपया चांदीचा, वजन १८० ग्रेन. तोळाही तेवढाच. म्हणून तर सोनार पारड्यात बंदा रुपया टाकून तोळा मोजत. कुणीही चांदी न्यावी आणि टांकसाळीतून रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. जून १८९३ मध्ये सरकारने ती बंद केली आणि काही दिवसांत जगभर चांदीचा भाव कोसळला. ब्रोकन हिलचे कामगार आदल्याच वर्षी अठरा आठवड्यांचा संप हरून बसले होते. मुंबईच्या टांकसाळीचं दार मिटलं त्याचा धक्का पृथ्वीच्या पाठीवरच्या प्रत्येक चांदीच्या खाणीला बसला.

खाण खोल गेली तशी सोपी चांदी संपली. खाली शिसं, जस्त आणि चांदी एकमेकांत इतकी गुंतलेली, की जस्त वेगळं करता येईना. ते टाकाऊ म्हणून ढिगांवर गेलं. विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स पॉटर आणि गिलॉम डेलप्रॅट यांनी वेगवेगळ्या वाटांनी तोड काढली. दगड दळायचा, आम्लाच्या पाण्यात टाकून तापवायचा. बुडबुडे उठतात आणि खनिजाचे कण त्यांना चिकटून फेसात वर येतात. समुद्राच्या तळाशी जे बसलं होतं, ते वाळवंटात फेसावर तरंगून बाहेर आलं. ही युक्ती पुढे जगभर गेली.

संध्याकाळी खाणीच्या दगडगोट्यांच्या ढिगावर चढलो. वर गंजल्या लोखंडाचं एक स्मारक आहे. आत खाणीत मेलेल्या आठशेहून अधिक जणांची नावं, वय आणि मरणाचं कारण. दरड कोसळून. पडून. शिशाची बाधा होऊन. काही नावांपाशी गुलाब खोचलेले होते. मुलगी एकेक वय वाचत होती आणि मधेच थांबली. “आई, हा तर शाळेतला मुलगा आहे गं.” खाली गावात आजही लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासलं जातं. आपण बोटांत घालतो ती चमक ज्या दगडातून येते, त्याच दगडातून हेही येतं.

ढिगावरून गावाभोवतीची हिरवट कड दिसते. भट्ट्यांसाठी, खाणींच्या टेकूंसाठी झाडं तोडून तोडून गाव वाळूत बुडू लागलं होतं. अल्बर्ट मॉरिस हा खाणीतलाच माणूस, दगडाचा कस काढणं हे त्याचं काम. १९३६ पासून त्याने गावाबाहेर कुंपणं घालून घेतली. ससे आणि गुरं बाहेर राहिली, पाऊस पडला, आणि मातीत पडून राहिलेलं बी आपलं आपण उगवलं.

“पण ती टेकडी कुठली गं? मोडकी टेकडी?” मुलीने विचारलं.

ती राहिलेली नाही. रास्पने पाहिलेली काळी कड खणून संपली. आम्ही उभ्या होतो तो ढीग तिच्या पोटातून निघालेल्या टाकाऊ दगडांचा.

परत आल्यावर जोडवी काढली. खाचांतली काळी रेघ घासावी म्हणून रांगोळी हातात घेतली आणि ठेवून दिली. ती रेघ म्हणजे चांदी आणि हवेतलं गंधक. खाणीत खोलवर चांदी गंधकाशीच बांधलेली असते. माझ्या कपाटात ती कणाकणाने पुन्हा दगडाकडे निघाली आहे.

मग हिशोब केला. ही चांदी कुठल्या खाणीची ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण ब्रोकन हिलच्या दगडात टनामागे सरासरी दीडशे ग्रॅमच्या आसपास चांदी होती, म्हणजे बारा-तेरा तोळे. त्या मापाने आईची जोडवी म्हणजे पाव टन डोंगर. तो बोटांत घालून ती चाळीस वर्षं स्वयंपाकघर ते अंगण चालत होती.