उंचीच्या मुळाशी

भूगोलाच्या पुस्तकात आणि विमानप्रवासात भेटणारा ‘अल्टिट्यूड’ हा इंग्रजी शब्द लॅटिन भाषेतील ‘आल्टुस’ या शब्दापासून आला आहे. आल्टुस म्हणजे उंच. मात्र त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘खोल’ असाही होतो. रोमन लोक उत्तुंग पर्वताला आल्टुस म्हणत आणि अथांग समुद्रालाही. पायथ्याशी उभे राहणाऱ्याला जे उंच दिसते, तेच शिखरावरून पाहणाऱ्याला खोल भासते.

या शब्दाचे मूळ आणखी मागे ‘आलेरे’ या क्रियापदापर्यंत पोहोचते. आलेरे म्हणजे पोसणे, वाढवणे. तेव्हा आल्टुस म्हणजे मुळात ‘पोसला गेलेला, वाढवला गेलेला’. माजी विद्यार्थ्यांसाठी वापरला जाणारा ‘अॅलम्नाय’ हा शब्दही याच कुळातला. उंचीच्या मुळाशी असे कुणीतरी घातलेले अन्न आणि दिलेले संस्कार आहेत. याची आठवण बुजली की काय होते, तेही भाषेने नोंदवून ठेवले आहे. गर्विष्ठ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘हॉटी’ हादेखील फ्रेंच भाषेच्या वाटेने याच आल्टुसपासून आलेला आहे.

जैन दर्शनात या गर्वाला मान कषाय म्हटले आहे. श्वेतांबर परंपरेतील कथेनुसार, भरताशी झालेल्या युद्धात ऐन विजयाच्या क्षणी विरक्त झालेले बाहुबली वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले. अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान दूरच राहिले. धाकट्या बंधूंनी आधी दीक्षा घेतली होती. भगवान ऋषभदेवांकडे गेल्यास त्या धाकट्यांना वंदन करावे लागणार, एवढा एक मान अंतरी शिल्लक होता. अखेर ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनींनी येऊन त्यांना हत्तीवरून खाली उतरण्यास सांगितले. वनात हत्ती नव्हताच. होता तो मनात. बोध झाला, वंदनासाठी पाऊल उचलले गेले आणि त्याच क्षणी केवलज्ञान प्रकटले.

आपल्याकडचा ‘उन्नत’ हा शब्दही या कथेला साक्ष देतो. ‘उद्’ म्हणजे वर आणि ‘नम्’ म्हणजे वाकणे, या दोहोंतून तो घडला. णमोकार मंत्रातील ‘णमो’ याच धातूशी जोडलेला आहे. उन्नतीच्या पोटात असे नमन सामावले आहे.

संवत्सरीच्या दिवशी वडीलधाऱ्यांसमोर हात जोडणे सोपे असते. पण धाकट्या भावाला, सुनेला किंवा घरकाम करणाऱ्या बाईंना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना जीभ अडखळते. जिथे ती अडखळते, तिथेच आपला हत्ती उभा असतो. त्यावरून उतरणाऱ्याची उंची कमी होत नाही. उलट ती तिथूनच वाढू लागते.