दारात भाषा तपासू नका

आदरणीय शैलाताई,



छोट्या शिशूच्या प्रवेशधोरणाचा मसुदा मिळाला. दोनदा वाचला. समितीच्या पुढच्या बैठकीत तो मंजुरीसाठी येणार आणि तिथे त्यावर फार बोलणं होणार नाही, असं तुम्ही कळवलंत, म्हणून माझं मत आत्ताच सविस्तर लिहिते. मसुद्यातला गुणांकनाचा तक्ता मला मान्य नाही. मुलाशी मराठीत आणि इंग्रजीत 'गप्पा' मारून काही गुण, आईवडिलांच्या शिक्षणाला काही गुण, पालकांच्या मुलाखतीला काही गुण, आणि बेरीज करून यादी, अशी ती रचना आहे. गुण कमीजास्त करून ती सुधारेल असं मला वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, दोन भाषांतून शिकवणाऱ्या शाळेने मुलाची भाषा दारात तपासू नये आणि आलेल्या सगळ्या अर्जांची उघड सोडत काढावी. कायदाही बराचसा याच बाजूचा आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. पण माझं मुख्य कारण शिकवण्याशी निगडित आहे आणि ते आपल्यासारख्या सेमी-इंग्रजी शाळेला इतरांपेक्षा जास्त लागू पडतं.

आधी त्या गप्पांतून काय कळतं ते पाहू. तीन-चार वर्षांचं मूल अनोळखी टेबलासमोर गप्प बसलं तर त्याला भाषा येत नाही असा अर्थ निघत नाही. त्याला समोरची माणसं नवीन आहेत एवढाच निघतो. आणि जे मूल रंग, फळं, प्राणी इंग्रजीत घडाघडा सांगतं, त्याच्या घरी इंग्रजी बोलली जाते किंवा त्याला महागड्या प्लेग्रुपमध्ये घातलं आहे, हे कळतं. त्या मुलाची शिकण्याची ताकद यात कुठेच मोजली जात नाही. पण याहून मोठं नुकसान चाचणीच्या कितीतरी आधी, घराघरात होतं. अमुक शाळेत प्रवेशाच्या वेळी इंग्रजीत विचारतात, ही बातमी पालकांत पसरायला वेळ लागत नाही. मग मूल दीड-दोन वर्षांचं असल्यापासून 'वॉटर पी', 'हँड्स वॉश कर', 'डॉगी बघ' सुरू होतं. ज्या आईवडिलांची स्वतःची इंग्रजी बेताची आहे, तेही आपल्याला सहज येणारी, भरलेली भाषा बाजूला ठेवतात आणि मोजक्या तोडक्या शब्दांत मुलाशी बोलू लागतात. गोष्ट सांगणं, रागावणं, लाड करणं, 'का?' या प्रश्नाला नीट उत्तर देणं, हे सगळं ज्या भाषेत व्हायला हवं ती घरातच पातळ होते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भक्कम करू असं माहितीपत्रकात लिहिणारी शाळा, मूल तिच्याकडे पोचण्यापूर्वीच त्याच्या मराठीचा पाया खणून काढत असते. जिम कमिन्स यांनी 1979 साली मांडलेला विचार तुम्हाला परिचित आहे: पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत वाचता-लिहिताना कामी येते, आणि रोजच्या बोलण्यातली सफाई व अभ्यासाला लागणारी भाषा या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या गप्पांच्या चाचणीत यातली फक्त सफाई दिसते, तीही दहा मिनिटांपुरती.

'पण दोन्ही भाषांची थोडी तोंडओळख नसेल तर मूल मागे पडेल,' असं समितीतले काहीजण नक्की म्हणतील. तसं होतंच असं मानायला आधार नाही. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात 1965 साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमध्ये शिकवायला सुरुवात झाली. भाषेची अट ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण फ्रेंच न येणारी मुलंच तिथे यायची होती. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. सुरुवातीला ती इंग्रजी वाचनात थोडी मागे राहिली, नंतर तो फरक भरून निघाला आणि फ्रेंचही चांगली आली. हे उदाहरण आपल्याला जसंच्या तसं लावता येणार नाही, हे मान्य करते. त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती, म्हणजे भोवतालच्या जगात तिला प्रतिष्ठा होती. आपल्याकडे प्रतिष्ठा शाळेतल्या इंग्रजीला आहे आणि घरची मराठी, अहिराणी किंवा गोरमाटी तिच्यासमोर संकोचते. म्हणून आपल्याला घरच्या भाषेला जास्त जपावं लागेल, आणि ती जपायची तर प्रवेशाच्या वेळी तिची किंमत कमी करून चालणार नाही. दुसरं उदाहरण आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचं आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या सार्वजनिक शाळांत स्पॅनिश, जपानी, चिनी, रशियन अशा भाषांच्या द्विभाषिक तुकड्या आहेत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की तिथे सोडत निघते. त्यामुळे सोडतीत नाव लागलेली आणि न लागलेली मुलं यांची सरळ तुलना करता आली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की द्विभाषिक तुकडीत गेलेली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीपर्यंत साधारण सात महिन्यांच्या आणि आठवीपर्यंत नऊ महिन्यांच्या शिक्षणाइतकी पुढे होती. गणित आणि विज्ञानात फायदा दिसला नाही, तोटाही नाही. प्रवेशाच्या वेळी कोणालाही निवडून घेतलेलं नसताना हे झालं, आणि म्हणूनच ते शिकवण्याचं फळ आहे असं म्हणता येतं.

माझ्या मते सोडतीचं सगळ्यात मोठं कारण इथेच आहे. निवडून मुलं घेणाऱ्या शाळेला आपण शिकवतो कसं हे कधीच नीट कळत नाही. दहावीचा निकाल चांगला लागला तर तो शिक्षकांचा, की मुलाखतीत गाळून घेतलेल्या घरांचा, की बाहेरच्या क्लासचा? कोणीच सांगू शकणार नाही. सेमीच्या गणिताच्या तासाला 'फ्रॅक्शन' आणि 'अपूर्णांक' यांची सांगड शिक्षक घालतात, की मूल घरी जाऊन आईकडून समजून घेतं, हेही झाकलेलं राहतं. आपले शिक्षक मेहनती आहेत आणि त्यांच्या मेहनतीचा खरा हिशेब लागावा असं मला मनापासून वाटतं. घरी इंग्रजीचं पुस्तक नसलेल्या मुलाला विज्ञानातला पहिला परिच्छेद समजावण्यासाठी शिक्षिका जी वाट शोधून काढते, ती वर्गातल्या इतर मुलांच्याही उपयोगी पडते. दारातच अशी मुलं गाळली तर ती वाट शोधण्याची वेळ येत नाही आणि शाळा आहे तिथेच राहते.

आता कायदा. शिक्षणहक्क कायद्याचं (2009) तेरावं कलम देणगी आणि चाळणी दोन्हींना मनाई करतं, आणि चाळणी म्हणजे सोडतीखेरीज निवडीची कुठलीही पद्धत, अशी व्याख्या त्याच कायद्यात आहे. ही मनाई पालकांच्या मुलाखतीलाही लागू आहे. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढे दर वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. देणगी घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. यातून जी पळवाट काढली जाते ती मसुद्यातही दिसते: कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांचा आहे, आपण तर शिशुवर्गाचे प्रवेश करतो. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 साली नर्सरीच्या खुल्या जागांबाबत हा युक्तिवाद मान्य केला होता, हे खरं. पण सरकारने हा कायदा नर्सरीलाही लावण्याचा विचार करावा, असंही त्याच निकालात सुचवलं होतं. शिवाय आपली पहिली मोठ्या शिशूतूनच भरते. पहिलीसाठी चाळणी नको म्हणायचं आणि दोन वर्षं आधी तीच लावायची, याने कायद्याचा शब्द कदाचित पाळला जाईल, हेतू मात्र मोडला जाईल. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2010 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना यापुढे जातात. शाळेने आपल्या उद्दिष्टांना धरून न्याय्य वर्गवारी करावी, ती आधीच जाहीर करावी, पालकांच्या शिक्षणावरून मुलाला जोखू नये, चाचणी-मुलाखत घेऊ नये आणि प्रत्येक वर्गवारीत निवड सोडतीने करावी, असं त्यात आहे. आपला तक्ता यातल्या जवळपास प्रत्येक वाक्याच्या विरुद्ध जातो. खासगी शाळांना मोकळीक देण्याचा प्रयत्न आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये केला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित शाळेला याच कायद्यातल्या वंचित व दुर्बल घटकांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट, अशी ती दुरुस्ती होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. या 25 टक्के जागांच्या शुल्काची सरकारी प्रतिपूर्ती थकते ही संस्थाचालकांची तक्रार रास्त आहे आणि तिचा पाठपुरावा सरकारकडे जोरात करायला हवा. पण त्या थकबाकीचा वचपा तीन वर्षांच्या मुलाच्या इंग्रजीवर काढता येणार नाही.

'दर्जा घसरेल' हा आक्षेप सगळ्यात मोठ्याने येईल, म्हणून त्याला आकड्यांशी प्रामाणिक राहून उत्तर देऊ. दिल्लीत 2007 पासून अनेक खासगी शाळांना गरीब घरांतल्या मुलांना राखीव जागा द्याव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या वर्गांतल्या सधन मुलांचा अभ्यास केला. ही मुलं अधिक उदार झाली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली, त्यांच्यासोबत खेळायला तयार झाली. सधन मुलांच्या हिंदी आणि गणिताच्या गुणांवर किंवा एकूण गुणांवर परिणाम दिसला नाही. इंग्रजीच्या गुणांत मात्र थोडी घट दिसली. ही घट मी लपवणार नाही, कारण ती आपल्याला नेमकं कुठे काम करायचं ते दाखवते: इंग्रजीच्या तासाला जास्त वेळ, जास्त माणसं आणि गोष्टींची जास्त पुस्तकं लागतील. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी केलेल्या प्रयोगात सोडतीने शिष्यवृत्ती मिळालेली गावातली मुलं खासगी शाळांत गेली, तेव्हा तिथे आधीपासून असलेल्या मुलांचं शिक्षण खालावल्याचं दिसलं नाही. दर्जाची काळजी करणाऱ्यांनी एवढं पाहिलं तरी पुरे.

पालकांच्या शिक्षणाबद्दल मला जास्त कळकळीने लिहावंसं वाटतं. 'घरी अभ्यास घेणारं कोणी नसेल तर आम्ही एकटे काय करणार?' या प्रश्नामागची शिक्षकांची धास्ती खरी आहे. पण महाराष्ट्रातल्या मराठी शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या अशाच घरांतली मुलं शिकवली. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी पुण्यात 1848 साली शाळा काढली तेव्हा आईवडील शिकलेले असण्याची अट घातली असती, तर तिथे एकही मूल आलं नसतं. पदवीधर आईवडिलांना गुण देणं म्हणजे ज्यांना शाळेची गरज कमी आहे त्यांना आधी आत घेणं. इंग्रजीतली सूचनावही आईला वाचता येत नसेल तर ती मराठीत लिहावी. दोन भाषांच्या शाळेला ते जड जाऊ नये.

मसुद्यातल्या आणखी काही गोष्टींबद्दल थोडक्यात. तक्त्यात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना दिलेले गुण काढून टाका. जुन्या ओळखीवर मुलाचा हक्क ठरू नये. इमारत निधीचा अर्ज प्रवेशअर्जासोबत जोडू नका, वेगळ्या महिन्यात पाठवूही नका. भावंडांना प्राधान्य मला मान्य आहे, कारण दोन मुलांना दोन टोकांच्या शाळांत पोचवणं नोकरी करणाऱ्या आईवडिलांना खरोखर शक्य होत नाही. मात्र सगळ्या जागा भावंडांतच संपू नयेत, इतकी मर्यादा ठेवा.

एक प्रश्न खरंच अवघड आहे आणि त्यावर तुमचं वेगळं मत असू शकतं. अमेरिकेतल्या काही द्विभाषिक शाळा निम्म्या जागा एका घरभाषेच्या आणि निम्म्या दुसऱ्या घरभाषेच्या मुलांना देतात, म्हणजे मुलं एकमेकांकडून शिकतात. आपणही मराठी घरं आणि इतर घरं अशी वर्गवारी करावी का? तत्त्वतः ती न्याय्य होऊ शकते, 2010 च्या सूचनांतही बसते. तरी मी ती सुचवणार नाही. घरची भाषा कागदावर सिद्ध करता येत नाही. ज्या रकान्यात जागा जास्त तिथेच सगळे खूण करतील. आणि आपल्या वस्तीत हिंदी, कन्नड, तेलुगू, गोरमाटी बोलणारी घरं मराठी घरांच्या शेजारीच आहेत, त्यामुळे सोडतीतून आपोआप बऱ्यापैकी मिसळ होईल. घरी काय बोलता हा प्रश्न विचारावा जरूर, पण प्रवेश पक्का झाल्यावर, वर्गशिक्षिकेने, आणि मुलाला काय शिकवायचं ते ठरवण्यासाठी.

'इतकी धडपड करणाऱ्या पालकांचं भवितव्य चिठ्ठीवर सोडायचं?' असंही कोणीतरी विचारेल. ज्या आईने दोन वर्षं धडपड केली तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिच्या मुलाला नाकारण्याचं जे कारण आपण गुणांच्या तक्त्यातून देतो, ते त्या मुलाबद्दलचं खोटं विधान असतं, आणि घरी जाऊन ती ते खरं मानते. सोडतीत नाव न लागलेलं मूल कशातही कमी ठरलेलं नसतं.

आता बैठकीसाठी कामाचं तेवढं. सोडत सभागृहात, पालकांसमोर, दिवसाउजेडी काढावी. चिठ्ठ्या कोणीतरी पालकानेच उचलाव्यात. फक्त जागांपुरत्या न थांबता सगळ्या चिठ्ठ्या उघडाव्यात, म्हणजे प्रतीक्षायादीला क्रमांक मिळतील आणि जूनमध्ये रिकामी झालेली जागा कोणाच्या फोनवरून भरली जाणार नाही. यादी त्याच दिवशी फलकावर लावावी. जन्मदाखला हाती नसेल म्हणून अर्ज परत करू नये, हे लिपिकांना आधी सांगून ठेवा. जुळ्यांची चिठ्ठी एकच ठेवायची की दोन, हे मसुद्यात कुठेच नाही. मी एक ठेवण्याच्या बाजूची आहे, पण जे ठरेल ते अर्ज वाटण्याआधी छापलं गेलं पाहिजे. समितीच्या सदस्यांना माझं पत्र दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा.

तुमची,
वसुधा