पारचा पूल

महाबळेश्वराहून रडतोंडीच्या घाटाने उतरलेली जुनी वाट प्रतापगडाच्या पायथ्याशी, पार गावात, जेथे कोयना ओलांडते, तेथला शिवकालीन दगडी पूल मला प्रथम कळला तो आजीच्या बोलण्यातून. आणि नवल असे की, त्या बोलण्यात अफजलखान नव्हताच, होते ते मीठ. कोकणचे मीठ नि सुकी मासळी पारघाटाने वर आणणारे आणि परतताना गूळ-धान्य उतरवणारे लमाणांचे तांडे, बैलांच्या पाठीवर दोहों अंगांना लोंबणाऱ्या गोणी, जकातीसाठी होणारा खोळंबा, हे सारे तिने आपल्या आजोबांकडून ऐकलेले. शाळेत गेल्यावर १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख पाठ झाली, खानाची छावणी याच पारला पडली होती हेही कळले, आणि मीठ मनातून पार विरघळून गेले. वस्तुतः खानाचा मुक्काम काही दिवसांचा. बैलांची ये-जा पिढ्यान्‌पिढ्यांची.

पुढे स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी पुलाखाली उतरलो, तेव्हा दृष्टी पालटली होती. कमानीचे घडीव चिरे एकमेकांना रेटून धरतात, त्यामुळे वरचा भार त्यांना विलग न करता अधिकच घट्ट आवळतो, हे पुस्तकी ज्ञान तेथे बोटांनी चाचपता आले: दरजांतला चुना काही ठिकाणी चिऱ्याइतकाच टणक लागला. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वराचे पाणी येथे किती आवेशाने येत असेल, ते पात्रातल्या धोंड्यांवरून उमगत होते. डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही या बांधकामाने पचवला.

ऑगस्ट २०१६ मध्ये महाडचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, माणसे गेली, आणि जो तो पारच्या पुलाचे गुणगान करू लागला. मला ती तुलना रुचली नाही. आंबेनळीचा घाट झाल्यावर, म्हणजे १८७६ च्या सुमारास, पारच्या वाटेवरची रहदारी तिकडे वळली. महाडच्या पुलाने मात्र मुंबई-गोवा महामार्गाची अवजड वाहने अखेरपर्यंत वाहिली. पारच्या गवंड्यांचे कसब निर्विवाद आहे, पण त्यांच्या पुलाला वेळेवर सेवानिवृत्तीही मिळाली होती, आणि ते श्रेय कोणत्याही गवंड्याचे नव्हे.