दगडाला धरून

आमची आई मालवणची. गोड्या पाण्यातल्या माशाला ती मासाच मानत नसे. "चिखल लागता जिभेक," म्हणायची. वडिलांची बदली श्रीनगरला झाली आणि तिची पंचाईत झाली. शेवटी अमिरा कदल पुलाशी बसणाऱ्या मासेवाल्या हांजी बायकांकडून ती गाड, म्हणजे तिथला मासा, आणू लागली. रुपेरी, लांबट मासा, खवले अगदी बारीक. तिरफळं गावाहून आलेली होतीच. पहिला घास घेऊन म्हणाली, "बरो आसा." याहून मोठी पदवी तिच्याकडे नव्हती.

चव मातकट का नव्हती, ते पुढे वाचनात कळलं. ही गाड शायझोथोरॅक्स कुळीतली. या कुळीतले पुष्कळ मासे थंड, धावत्या पाण्यात राहतात. तोंड खालच्या अंगाला. दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं. हेकेल या ऑस्ट्रियन अभ्यासकानं 1838 मध्ये काश्मीरच्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात ही कुळी पहिल्यांदा शास्त्रात आली. पर्यटक मात्र ट्राऊट मागतात. तो 1900 च्या सुमारास, गळ टाकण्याच्या हौसेपायी, स्कॉटलंडहून अंडी आणून वाढवलेला. आमचा मासा त्याच्या नात्यातला नाहीच, तो रोहूच्या गोतातला. (मध्य आशियात याच्या भाऊबंदांची गाबोळी विषारी म्हणून फेकून देतात. आईला हे सांगितलं असतं तर तिनं ती जात वाळीतच टाकली असती.)

नव्वदीनंतर पुण्यात आमच्या शेजारी एक काश्मिरी पंडित कुटुंब आलं. पौषात त्यांच्याकडे गाडबत्त: घरदेवतेसाठी भात आणि शिजवलेला मासा रात्री वरच्या मजल्यावर ठेवायचा. फ्लॅटला कुठला वरचा मजला? फडताळाच्या माथ्यावर ताट जाई, ताटात मंडईतला रोहू. "वो बात नहीं," काकू दरवर्षी म्हणत. आणि आई, रोहूला नाक मुरडणारी, त्यांच्याकडचा वाडगा चाटूनपुसून खाई.

अलीकडे गढवालात गेले तेव्हा हा मासा पुन्हा भेटला. तिथे तो असेला. विणीसाठी तो उपनद्यांच्या उथळ, खडकाळ पाण्याकडे चढतो, आणि अलकनंदेवर आता धरणांच्या भिंती आहेत. ढाब्यावर मी असेला मागितला. मालक म्हणाला, "ट्राऊट है, फार्म का, ताज़ा." मी डाळभात मागवला.