सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या वर जातो. सावद्याहून फैजपूरकडे निघालात तर बांधावरचे गवत जळून गेलेले दिसेल, नाले कोरडे ठाक, आणि बांधाच्या पलीकडे केळीच्या बागा उभ्या. आत पाऊल टाकले की गारवा अंगावर येतो, पायाखालची माती ओली लागते. माझे आजोळ यावल तालुक्यातले, त्यामुळे हे लहानपणापासून पाहतो आहे. तरी अजूनही मला त्याचे नवल वाटते.

केळ ही दमट मुलखाची. तिचे रानटी पूर्वज आग्नेय आशियात आणि न्यू गिनीच्या बाजूला, पावसाळी जंगलात वाढले. युगांडात आजही घरामागे केळीचे बन असते. हिरवी केळी पानात बांधून वाफवायची, कुस्करायची आणि तेच जेवायचे. तिथे केळीला पाणी पाजावे लागत नाही, ते आभाळातून येते. आमच्याकडे वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आटोपणारा. हा मुलूख कपाशीचा, दादरीचा, उडीद-मुगाचा. आणि तरी महाराष्ट्रातली निम्म्याहून अधिक केळी जळगाव जिल्ह्यातून येतात. 2016 साली ‘जळगावची केळी’ हे भौगोलिक मानांकनही मिळाले. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांनी हे घडवले ते जमिनीखालच्या पाण्यावर.

ते पाणी सातपुड्याचे. सुकी, मोर, अनेर या नद्या डोंगर उतरताना दगडगोटे, वाळू, माती खाली आणून टाकतात. हजारो वर्षे साचलेल्या त्या भराव्याचा एक पट्टाच सातपुड्याच्या पायथ्याशी तयार झाला आहे. भूजलाचे अभ्यासक त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून आलेले पाणी तिथे जिरते आणि जमिनीखालून तापीकडे सरकत राहते. आजोबांच्या तरुणपणी त्या पाण्यावर मोट चालत असे. मग विजेची मोटर आली, मग विहिरीतच आडवे-उभे बोअर, मग नुसत्या खोल कूपनलिका. प्रत्येक पिढीने पाणी आणखी खालून उचलले. पाटाने पाणी देणे मागे पडून ठिबक आले, ही मोठीच गोष्ट झाली. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी बाग लागली, हेही तितकेच खरे.

केळीइतके नाजूक पीक एवढ्या रखरखाटात सांभाळणे म्हणजे काय, हे बागेत राहिल्याशिवाय कळत नाही. तिचे खोड लाकडाचे नसते. पानांची आवरणे एकावर एक गुंडाळलेली असतात, विळ्याने कापले तर आत पाण्याने भरलेले कप्पे दिसतात. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात सतराशेच्या वर झाडे बसतात, आणि उन्हाळ्यात दर झाडाला रोज 20 लिटरच्या आसपास पाणी लागते. शेतीची वीज बहुतेक रात्रीची असे. मामा हातात बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला जात, आणि परत येईपर्यंत मामी जागी असे. विंचूकाट्याची भीती, दुसरे काय.

पण केळ निसवते तेव्हाचे पाहण्यासारखे असते. शेंड्यातून जांभळे कमळ डोकावते, हळूहळू खाली झुकते. मग त्याचे एकेक पारे उलगडते, आणि प्रत्येकाखाली फणी असते, बोटाएवढ्या केळ्यांची, टोकाला पिवळसर फुले चिकटलेली. पुरेशा फण्या सुटल्या की खालचे केळफूल मोडून टाकायचे, म्हणजे घड पोसतो. ते मोडताना जो चीक उडतो त्याचा डाग कपड्यावरून कधी जात नाही. केळीत काम करणाऱ्या माणसाचा सदरा लांबूनही ओळखू येतो. एक झाड एकदाच घड देते. तोपर्यंत बुडाशी पिले फुटत राहतात. ती कापत राहायची, खोडव्यासाठी एखादे राखायचे.

घड तयार व्हायला लागवडीपासून वर्षभर जाते. त्या वर्षात थंडी जास्त पडली तर पोग्यातच घड अडकतो. पानांवर करपा येतो. सीएमव्ही या विषाणूचे पिवळे पट्टे दिसले तर हाताने लावलेले रोप उपटून नष्ट करावे लागते. वाऱ्यासाठी कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात, तरी मे-जूनच्या वादळात घडाने वाकलेली बाग तासाभरात आडवी होते. आणि हे सारे पार पडले तरी भाव हातात नसतो. नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीचा भाव वेगळा, पिलबागेचा, म्हणजे खोडव्याचा वेगळा, कमी प्रतीच्या वापसीचा वेगळा. पिकलेली केळी घरात साठवता येत नाहीत. व्यापाऱ्याची गाडी दोन दिवस उशिरा आली तर दोन एकरवाला काय करणार? मला वाटते, पीकविम्यापासून भावापर्यंत सगळ्या व्यवस्थेत सर्वांत कमी आवाज याच शेतकऱ्याचा आहे. 2021 मध्ये तांदलवाडीची केळी दुबईला गेली, त्याचा आनंद खराच. पण निर्यातीला लागणारी निगा आणि भांडवल प्रत्येकाला झेपत नाही.

त्याहून मोठी काळजी मात्र विहिरींची. रावेर-यावलमध्ये भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आहे. उपाय मात्र शेजारीच आहे. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात 2004 पासून भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल केले, त्यांवर साखळी बंधारे बांधले आणि वाहून जाणारे पाणी विहिरींत उतरवले. जमीन तीच, तापी तीच, सातपुडाही तोच. नाल्यांच्या खोलीवर आणि खर्चावर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि सगळी गावे एकाच मापाने खोदावीत असे मीही म्हणत नाही. पण बझाड्याच्या पट्ट्यात पाणी मुरवणे हे काम निसर्गाने आधीच सोपे करून ठेवले आहे. तिथे पुराचे पाणी नुसते तापीत सोडून देणे मला पटत नाही.

म्हणून मामेभावांना मी दर वर्षी जे सांगतो तेच इथे लिहितो. ठिबकवर जेवढा खर्च करता, त्याचा लहानसा वाटा पुनर्भरणावर करा. गढूळ पाणी थेट विहिरीत सोडू नका, आधी वाळू-खडीच्या गाळणखड्ड्यातून जाऊ द्या. नाल्यातला गाळ गावाने मिळून काढा. आणि हे सगळे मृगाच्या आधी करा.