संकासुराचं हसू

गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना सगळ्यांत जड जाणारा प्रश्न मुलाखत घेणारे विचारत नाहीत. तो चवथीला विचारला जातो. माटोळी बांधून झालेली असते, मुंबईचे काका-काकू आणि वास्कोची आते घरी आलेली असतात, नेवऱ्यांचं ताट फिरत असतं आणि कुणीतरी मायेनंच म्हणतं, "कितें रे, लागलो खंय?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं. पण ज्याला विचारलं त्याने तोवर पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयात खेपा घातलेल्या असतात, म्हापसा आणि पणजीच्या बस धरून मुलाखती दिलेल्या असतात आणि बहुतेक ठिकाणाहून साधा नकारही आलेला नसतो. पुढच्या वर्षी तो आरतीला मागे उभा राहतो. त्याच्या पुढच्या वर्षी नाटकाच्या तालमीला येईनासा होतो. मला बोलायचं आहे ते या येईनाशा होण्याबद्दल. उमेद आणि विनोदबुद्धी हे ज्याने-त्याने आपल्या मनात जपायचं धन आहे, असा उपदेश बेकारांना सतत केला जातो. मला मात्र वाटतं, ही दोन्ही माणसांत राहूनच टिकतात, आणि नोकरी शोधणारा माणसांतून उठला की नोकरीच्या आधी तीच त्याला सोडून जातात.

आधी दोष कुणाचा ते पाहू, कारण खाली गेलेली मान त्याशिवाय वर येत नाही. केंद्र सरकारच्या श्रमबळ सर्वेक्षणानुसार 2023-24 मध्ये देशाचा बेरोजगारीचा दर 3.2 टक्के होता आणि गोव्याचा 8.5 टक्के. इथली शिकलेली मुलं घरच्या आधारावर मनाजोगत्या कामासाठी थांबू शकतात म्हणून हा आकडा फुगतो, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण थांबणाऱ्याचा दिवस त्यामुळे काही लहान होत नाही. शिवाय डिचोलीत थांबणं कुणी हौसेने निवडलं नव्हतं. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. मग काही काळ चालल्या आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा थांबल्या. बंदीमागची कारणं खरी होती: नियम मोडले गेले होते, शेतं आणि ओहोळ गाळाने भरले होते. पण शिरगाव, मये, मुळगावच्या ज्या घरांतून ट्रकचे हप्ते जात होते, त्या घरांतल्या विशीतल्या मुलाने कोणता नियम मोडला होता? डिसेंबर 2022 मध्ये नव्याने लिलाव सुरू झाला आणि पहिल्या पट्ट्यांत डिचोलीचा आणि शिरगाव-मयेचा पट्टा होता. मधल्या दहा वर्षांत एक अख्खी पिढी कामाच्या वयाची झाली. तिकडे पेडण्यात मोपाच्या पठारावरून जानेवारी 2023 मध्ये विमानं उडू लागली आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांतून आजही नोकऱ्यांची मागणी होते आहे. न्यायालयाचा निकाल, खनिजाचं धोरण, विमानतळाचं कंत्राट यांतलं काहीच पदवीधराच्या हातात नव्हतं. तरीही नकाराचं पत्र वाचताना त्याला वाटतं की आपण कमी पडलो.

या वाटण्याचं पुढे काय होतं, याचा फार बारकाईने केलेला अभ्यास ऑस्ट्रियातला आहे. व्हिएन्नाजवळच्या मारियेंथाल नावाच्या गावाचा कापड कारखाना 1929-30 च्या सुमारास बंद पडला आणि जवळजवळ सारा गाव एकदम बेकार झाला. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी तिथली घरं न् घरं अभ्यासली. 1933 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. वेळ उदंड मिळाल्यावर माणसं वाचतील, संघटना चालवतील, राजकारण करतील, असा कुणाचाही अंदाज झाला असता. घडलं उलटं. वाचनालयाची वर्गणी माफ करूनही पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. मंडळं ओस पडली. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजला, तर पुरुष रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत चालत होते. बायका भरभर जात होत्या, कारण मजुरी गेली तरी चूल, मुलं आणि शिवण त्यांना सुटलेली नव्हती. मला हा तपशील फार बोलका वाटतो. ज्याची कुठेतरी वाट पाहिली जाते, त्याच्या पायांत चाल राहते. रिकामा वेळ आपोआप उमेद देत नाही; तो आधी माणसाला इतरांपासून तोडतो आणि मग त्याची चाल मंद करतो.

मारियेंथालला जे सावरता आलं नाही ते सावरण्याची सोय पेडण्याच्या गावांत अजून शाबूत आहे, असं मी ठामपणे म्हणेन. कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम लागतो आणि देवळापुढे दशावतारी काला उभा राहतो. सुरुवातीच्या भागात काळ्या वेशातला संकासूर येतो. त्याने वेद पळवलेले आहेत, विष्णूच्या हातून तो मरणार आहे, हे त्यालाही ठाऊक आहे आणि पेंगुळल्या पोरांनाही. तरी मरेपर्यंत तो रंगमंच सोडत नाही. भटजींची फिरकी घेतो, गावच्या मानकऱ्याला चिमटा काढतो, पंचायतीपासून बाजारभावापर्यंत सगळ्याचा समाचार घेतो आणि सारा मांड हसतो. या हसण्याचे दोन गुण नोकरी शोधणाऱ्याने पारखून घ्यावेत. एक, ते वरच्याकडे रोखलेलं असतं. खाली पडलेल्याला ते टोचत नाही. दुसरा, ते समोर माणसं असल्याशिवाय जन्मच घेत नाही. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. नटाला कथेचे टप्पे पाठ असतात, संवाद मात्र तो उभ्या-उभ्या रचतो, समोरच्याने अनपेक्षित टोला दिला तर तोच झेलून पुढे जातो. मुलाखतीच्या खोलीत याहून वेगळं काय लागतं? पाठ केलेली उत्तरं पहिल्याच आडव्या प्रश्नाला गळून पडतात. रात्रभर रंगात राहून बोलायची सवय ज्याला आहे, त्याला ती खोली तेवढी परकी वाटत नाही. मुलींच्या बाबतीत हेच बायकांच्या ढालो नाचाच्या मांडावर घडतं. शेवटच्या रात्री सोंगं काढून बायका साऱ्या गावाच्या नकला करतात, तेव्हा घरात मान खाली घालून बसलेली पदवीधर मुलगीही मोकळी बोलते.

कुणी म्हणेल, पोट रिकामं असताना ही हसण्याची चैन कुणाला परवडते? आक्षेप गंभीर आहे. हसण्याने हप्ता फिटत नाही, आणि जिथे चूलच विझायची वेळ आली आहे तिथे आधी मदत पोचली पाहिजे. पण हसू हा कामाला पर्याय आहे, असं मी म्हणत नाही. काम शोधत राहण्याची ताकद त्यातून येते, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्याला आधार आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने 1980 च्या दशकात बेकारांचे लहान गट बसवले. त्यांत माणसं मुलाखतीची सोंगं करत, एकमेकांच्या चुका दाखवत आणि पुढे कोणकोणते नकार येतील ते आधीच मोजून त्यांची तयारी करत. या लोकांना अधिक चांगल्या नोकऱ्या मिळाल्या. अशा 47 प्रयोगांचा एकत्र आढावा 2014 मध्ये निघाला, तेव्हा कौशल्य आणि उमेद दोन्हींवर काम करणारे उपक्रमच जास्त फळाला आल्याचं दिसलं.

दुसरा आक्षेप गोव्यात नेहमी कानी पडतो: इथे वशिल्याशिवाय काही होत नाही, मग धीर धरून काय उपयोग? सरकारी नोकरीच्या आमिषाने पैसे घेतल्याच्या तक्रारींवरून 2024 च्या अखेरीस अटका झाल्या, तेव्हा हा संशय निराधार म्हणता येत नाही. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे, आणि ते एकेकट्याने बोलून भागत नाही. पण वशिला आणि ओळख यांत मोठं अंतर आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती बातमी जिवलगांकडून कळलेली नव्हती; अधूनमधून भेटणाऱ्या माणसांनी सांगितली होती. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत जागा निघाली आहे किंवा डिचोलीच्या कारखान्यात फिटर हवा आहे, ही खबर तालमीच्या मध्यंतरात, जत्रेच्या खाज्यांच्या दुकानाशी, फुटबॉलच्या मैदानावर फिरते. विनोद आणि बातमी एकाच वाटेने चालतात. घरात बसलेल्याला दोन्ही चुकतात.

म्हणून गावाकडे माझं मागणं आहे. या चवथीला घरातल्या मुलाला किंवा मुलीला "लागलो खंय?" विचारू नका. वाजवायला घुमट त्याच्या हातात द्या, आरती तिला सुरू करायला सांगा, नाटकात भूमिका द्या आणि तालमीची वेळ ठरवून द्या. देवळाच्या सभामंडपात किंवा पंचायतीच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ नोकरी शोधणाऱ्यांसाठी राखा. एकाने अर्ज तपासावा, दुसऱ्याने साहेब होऊन आडवे प्रश्न विचारावेत. आणि ज्यांना अजून नोकरी लागलेली नाही त्यांनी त्या संध्याकाळी घरी बसू नये.