निष्ठेचे गुण

‘निष्ठा’ हा आपल्या भाषेतील एक जड शब्द आहे. तो सहजासहजी उच्चारला जात नाही. व्रतस्थ सिस्टरांविषयी बोलताना, वेदीपुढे उभ्या राहिलेल्या वधूवरांना उपदेश करताना, फार तर एकाच शाळेत तीस-पस्तीस वर्षे खडू झिजवलेल्या शिक्षकाच्या निरोपसमारंभात तो वापरावा, अशी आपली रीत. विमान कंपन्यांनी मात्र तो फारच स्वस्त करून टाकला. एकाच कंपनीच्या विमानाने वारंवार जाणाऱ्याला त्या ‘निष्ठावंत’ ठरवतात, त्याच्या नावावर गुण जमा करतात आणि गुण पुरेसे साठले की त्याला चांदीचे किंवा सोन्याचे नाव धारण करणारे कार्ड देतात. कार्ड असते प्लॅस्टिकचेच.

बुलढाणा जिल्ह्यात राहून विमानाच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वेसुद्धा पोहोचलेली नाही. राजूर घाट उतरून मलकापूरला गाडी धरावी लागते. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी तर ब्रिटिश अमदानीपासूनची. विमानासाठी जळगाव, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट मुंबई गाठायची. पण ज्या घरांतील मुलेमुली परमुलखात पोटापाण्याला गेली आहेत, त्या घरांत विमान केव्हाच येऊन पोहोचले आहे. अंगणात ते कधी उतरले नाही, तरी जेवणाच्या पानावर त्याच्या वेळापत्रकाची चर्चा होते.

या गुणपद्धतीचा इतिहास लहानसाच आहे. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरील आणि मार्गांवरील सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला. कंपन्यांत चढाओढ लागली आणि गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची गरज निर्माण झाली. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने तिचे अनुकरण केले. तत्त्व अगदी सोपे होते. जितके मैल प्रवास, तितके गुण. आणि गुण साठले की एक तिकीट फुकट. एरवी रिकाम्या जाणाऱ्या आसनावर निष्ठावंताला बसवल्याने कंपनीचे फारसे काही जात नाही, आणि त्या एका आसनाच्या आशेवर तो मनुष्य वर्षानुवर्षे दुसऱ्या दारात जात नाही.

आमची थोरली लेक कुवेतमध्ये परिचारिका आहे. तिच्या नोकरीला अकरा वर्षे झाली. एका सुटीत ती मोबाइलवर आपले साठलेले गुण आईला दाखवीत होती. पाच आकडी संख्या होती. आई कौतुकाने पाहत राहिली. मी मात्र मनाशी वेगळाच हिशोब मांडत बसलो. मुंबई ते कुवेत हे अंतर सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर. एवढे गुण साठायला ही पोरगी किती वेळा आली आणि किती वेळा गेली? त्या आकड्यात तिच्या भावाचे लग्न होते. आजी वारली तेव्हा रजा मिळण्यास उशीर झाला आणि अंत्यविधीऐवजी आठव्या दिवसाच्या मिस्साला ती पोहोचली, तो प्रवासही त्यात होता. कंपनी येण्याचे जेवढे गुण देते, तेवढेच जाण्याचेही देते. आईबापांच्या वहीत या दोन रकमा एकाच बाजूला लिहिल्या जात नाहीत. ज्याला कंपनी निष्ठा म्हणते, ती आमच्या घरात ताटातुटींची बेरीज होती.

त्यातही पुढे एक बदल झाला. ‘जितके मैल तितके गुण’ हे मूळ तत्त्व हळूहळू मागे पडले. डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकन कंपन्यांनी २०१५ मध्ये अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर गुण देण्यास प्रारंभ केला. आपल्या एअर इंडियानेही २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. व्यापाराच्या दृष्टीने ते चूक म्हणता येणार नाही. जो अधिक पैसे देतो त्याची अधिक बडदास्त, हा बाजाराचा नियमच आहे. परंतु याचा अर्थ काय होतो, हे पाहावे. आखातात सळई वाकवणारा मजूर किंवा रात्रपाळी करणारी परिचारिका सर्वांत स्वस्त तिकीट शोधून, सहा-सहा महिने आधी काढून येते. शेजारच्या आसनावरील गृहस्थाचे तिकीट कार्यालयाने आदल्या दिवशी चौपट भाड्याने काढलेले असते. दोघांचे अंतर एकच, आकाश एकच. पण एकाची निष्ठा चौपट मोजली जाते.

आणि या साठ्याची शाश्वती तरी किती? किंगफिशरची विमाने २०१२ च्या ऑक्टोबरात जमिनीवर आली, ती पुन्हा उडाली नाहीत. तिच्या निष्ठावंतांचे गुण तिच्याबरोबरच गेले. जेट एअरवेजचे उड्डाण एप्रिल २०१९ मध्ये थांबले. तिचे गुण सांभाळणारी कंपनी वेगळी होती, म्हणून ते दुसऱ्या नावाने उरले, पण ज्या विमानासाठी ते साठवले ते विमानच राहिले नाही. कसर आणि जंग जिथे पोहोचत नाहीत तिथे संपत्ती साठवावी, हा प्रभूचा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो. या संपत्तीला तर कसर लागण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी तिने ते सारे गुण मोडले आणि आईचे जाण्याचे तिकीट काढले. सोबत म्हणून माझे तिकीट आम्ही पैसे भरून घेतले. पत्नीचे दोन्ही गुडघे गेलेले असल्यामुळे चाकाच्या खुर्चीची मागणी आधीच नोंदवली होती. मुंबईच्या विमानतळावर विमानात चढण्याची घोषणा झाली, तेव्हा सर्वप्रथम खुर्चीवरील प्रवासी, वृद्ध आणि तान्ही मुले कडेवर असलेल्या माता यांना बोलावण्यात आले. मागून मोठ्या भाड्याच्या वर्गातील प्रवासी, मग सोन्याच्या कार्डाचे, मग चांदीच्या कार्डाचे, आणि शेवटी क्रमांकाप्रमाणे आम्ही सारे. जन्मभर एस.टी.च्या दारात मागे उभी राहणारी ही बाई त्या दिवशी सोन्याचांदीच्या पुढे गेली. तिच्यापाशी कार्ड नव्हते, गुण नव्हते; होते ते निकामी गुडघे. कुवेतला उतरताना मात्र क्रम फिरला. सगळे विमान रिकामे झाल्यावर खुर्ची आली, आणि चढताना पहिली असलेली ती उतरताना शेवटची ठरली. पहिल्यांचे शेवटले कसे होतात, यावर रविवारचे प्रवचन आम्ही पुष्कळदा ऐकले होते. त्याचे हे प्रात्यक्षिक पाहून दोघांनाही हसू आले.

त्या दारात मला दोन निरनिराळे न्याय एकामागून एक उभे दिसले. एक गरजेचा न्याय आणि दुसरा मिळकतीचा. गरजेने पुढे जाणाऱ्याला खरोखर वेळ लागतो, आधार लागतो. त्याला आधी नेण्यात अर्थ आहे. मिळकतीने पुढे जाणाऱ्याला काय लाभते? विमान सर्वांना घेऊनच सुटते आणि सर्वांना एकाच क्षणी पोहोचवते. जेसन स्टेफन या अमेरिकन शास्त्रज्ञाने २००८ मध्ये गणित मांडून दाखवले, की मागच्या रांगांपासून ओळीने प्रवासी भरण्याची रूढ रीतही वेळ वाचवत नाही. एकाआड एक रांगेतील खिडकीकडचे प्रवासी आधी घेतले तर काम पुष्कळ लवकर उरकते. मग कार्डवाल्यांना आधी बोलावण्यामागे उरतो तो मान. सामान ठेवायला जागा आधी मिळते हे खरे, पण खरा सौदा इतरांनी आपल्याला पुढे जाताना पाहण्याचा असतो.

गरजेचे दार सदैव उघडे असते, असेही नाही. मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका दिव्यांग मुलाला घाबरलेल्या अवस्थेत पाहून इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी विमानात घेण्यास नकार दिला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ५ लाख रुपयांचा दंड केला आणि पुढे नियमही बदलला. आता अपंगत्वाच्या कारणावरून, डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय, कोणाला नाकारता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका ऐंशी वर्षांच्या गृहस्थांची कथा याहून जिव्हारी लागणारी आहे. पतिपत्नी दोघांसाठी खुर्च्या मागितलेल्या, मिळाली एकच. पत्नीला खुर्चीवर बसवून ते तिच्या सोबतीने पायी चालत निघाले आणि वाटेतच कोसळले. त्यातच त्यांचा अंत झाला. एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला. दंडाची रक्कम आपण विसरून जाऊ. खुर्चीशेजारून चालणारा तो म्हातारा विसरता येणार नाही. निष्ठा या शब्दाचा अर्थ कोणी विचारला, तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन.

सामान्य प्रवाशाने एक नियम मात्र ध्यानात ठेवावा. कंपन्या कधीकधी आसनांपेक्षा अधिक तिकिटे विकतात. अशा वेळी त्यांनी आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी शोधले पाहिजेत. तरीही हाती पक्के तिकीट असून व वेळेवर पोहोचूनही कोणाला मागे ठेवले, आणि तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले नाही, तर भरपाई द्यावी लागते. पर्यायी विमान चोवीस तासांच्या आत असेल तर एकेरी मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १० हजार रुपये; त्याहून उशिरा असेल तर चौपट, कमाल २० हजार. हा हक्क कार्ड नसलेल्यालाही तेवढाच आहे. आखातातून येणारी आपली मुले दारात नम्रपणे बाजूला उभी राहतात. त्यांना हे ठाऊक असले पाहिजे.

आपल्या एस.टी.त गुणांची वही कधी नव्हती. १९४८ साली पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला निघाली तेव्हापासून गर्दी आहे, आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचा आपला सनातन कायदाही आहे. तरी स्त्रियांसाठी, अपंगांसाठी राखलेल्या जागांवरची अक्षरे प्रत्येक गाडीत दिसतात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे झाले. चिखलीच्या स्टँडवर एखादी आजी कार्ड काढून वाहकाला दाखवते, तेव्हा त्या कार्डावर तिने किती प्रवास केला हे लिहिलेले नसते. तिचे वय लिहिलेले असते. उलट रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात बंद केली, ती मलकापूरच्या खिडकीवर आजही कित्येक म्हातारे विचारून परततात. गरजेचा न्याय एकदा दिला की कायमचा राहतो, असे समजून स्वस्थ बसता येत नाही. तो पुनःपुन्हा मागावा लागतो.

वाचकहो, विमान कंपनीला नावे ठेवून आपली सुटका होणार नाही. ती दुकान आहे आणि दुकानासारखी वागते. प्रभुमंदिर दुकान नव्हे, तरी गुणांची वही आपण तिथेही नेतो. सणाच्या मिस्साला पुढचे बाक देणगीदारांचे. अमुक वर्षे समितीवर असलेल्याच्या घरचे बारसे आधी. नऊ पहिले शुक्रवार पूर्ण केले, आता स्वर्गात आपली जागा राखीव, असे बोलून दाखवणारी भाबडी माणसे आपल्यात आहेत. येशूच्या पवित्र हृदयाची ती भक्ती सुंदर आहे. पण प्रेमाची खूण म्हणून केलेली गोष्ट जमाखर्चात लिहिली, की तिचे कार्ड होते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील सकाळपासून राबणारे मजूर याच वहीवरून मालकाशी भांडले होते. मालकाने सायंकाळी आलेल्याच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी ठेवली, कारण त्याच्याही घरी चूल पूर्ण दिवसाचीच पेटायची होती.

पोप फ्रान्सिस जुलै २०१३ मध्ये ब्राझीलला निघाले तेव्हा विमानाच्या पायऱ्या चढताना आपली काळी बॅग त्यांनी स्वतःच्या हाती धरली होती. जगभर त्याचे नवल झाले. बॅगेत काय होते, असे पत्रकारांनी विचारले तेव्हा त्यांनी सांगितलेल्या वस्तूंत संत तेरेजाविषयीचे एक पुस्तक होते. लिझ्यूच्या या तेरेजाने १८९५ साली देवाला केलेल्या समर्पणात रिकाम्या हातांनी त्याच्यापुढे येण्याची इच्छा प्रकट केली होती. ज्या विमानात सर्वांत पहिला मान त्यांचाच होता, त्या विमानात पोपमहाशयांनी नेलेले सामान हे असे.

विमानप्रवाशांची आश्रयदाती म्हणून ख्रिस्तसभेने १९२० साली लोरेटोच्या मातेला मान दिला. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी उचलून दूरदेशी नेले, ही त्यामागची श्रद्धा. आमच्या लेकीसारख्या लक्षावधींना ही माता नेमकी कळावी, कारण त्यांचे घरही त्यांच्याबरोबर उचलले गेले आहे. आणि लूर्डच्या मिरवणुकीत पुढची जागा कोणाची असते, हे तिथे जाऊन आलेले सांगतात. खुर्च्यांवरचे रुग्ण पुढे असतात. बाकीचे मागून चालतात.

आपल्याकडून सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला बस निघते. पुढच्या जागा कोणाच्या, यावरून दरवर्षी थोडी कुरबुर होते. यंदा यादी करताना देणगीची वही मिटून ठेवावी आणि गुडघे, वय व कडेवरची मुले पाहून नावे लिहावीत, एवढेच सुचवावेसे वाटते. पोहोचणार सगळेच आहेत, आणि एकाच वेळी.